थायरट्रॉन अवेळी फायर होतोय, ग्रिडचा बायस वाढवू का?

तुमचं म्हणणं असं: पाऱ्याच्या थायरट्रॉनवर (पाऱ्याची वाफ असलेली, स्विचसारखी चालणारी ट्यूब) डीसी मोटर चालवताय, सप्लाय एसी, ट्यूब मधूनच लवकर फायर होते, म्हणजे पेटते, आणि एकदा पेटली की ग्रिड (ट्यूब कधी पेटायची ते ठरवणारी आतली जाळी) कितीही निगेटिव्ह केला तरी विझत नाही.

विझणारच नाही. पेटल्यावर ग्रिडच्या तारांभोवती धन आयनांचा थर जमतो, त्यापलीकडे ग्रिडचं काही चालत नाही. अर्धी सायकल संपून ॲनोडचं (ट्यूबच्या धन टोकाचं) व्होल्टेज गेलं की ती आपोआप विझते. तेव्हा त्या नादी लागू नका.

लवकर फायर होण्याचं मात्र बघता येतं. सोलापुरात एका कारखान्यात वार्पिंगच्या (ताण्याचे धागे गुंडाळण्याच्या) मोटरला असंच जुनं पॅनेल होतं. मे महिन्यात दुपारी दोननंतर मोटर धक्के खायची. आम्ही बायस, म्हणजे ग्रिडवरचं कायमचं निगेटिव्ह व्होल्टेज, वाढवला, दुपार निभावली. डिसेंबरात पहाटेच्या पाळीला ट्यूब पेटेचना! दोष पाऱ्याचा. तो ४० अंशांवरून ५० वर गेला की त्याच्या वाफेचा दाब साधारण दुप्पट होतो, आणि ट्यूब कमी व्होल्टेजलाच पेटते. बायस एकच, ऋतू दोन, कसं जमायचं?

जमलं ते पल्समुळे. ग्रिडला फेज सरकवलेली (सप्लायच्या मागे ठेवलेली) साइन वेव्ह होती. ती हळूहळू चढते, त्यामुळे पेटण्याची पातळी दोन व्होल्टनी सरकली तरी वेळ बरीच सरकते. आम्ही निगेटिव्ह बायस भरपूर आणि कायमचा ठेवला, त्यावर पीकिंग ट्रान्सफॉर्मरचा टोकदार पल्स चढवला. सरळसोट चढणाऱ्या पल्सला दोन व्होल्टचा फरक जाणवतही नाही.

ग्रिडला सिरीज रेझिस्टन्स हवाच, नाहीतर पेटल्यावर आयनांचा करंट ग्रिड तापवेल. पण फार मोठाही नको. जुन्या ट्यूबमध्ये कॅथोडचं (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाचं) द्रव्य ग्रिडवर बसून तो स्वतःच इलेक्ट्रॉन सोडायला लागतो, आणि मोठ्या रेझिस्टन्सवर तेवढ्यानेही बायस ढळतो. ग्रिड-कॅथोडमध्ये छोटा कपॅसिटर टाकला तर ॲनोडकडून येणारे झटकेही मरतात.

छोटा पंखा लावणार असाल तर ट्यूबच्या बुडाकडे लावा, पारा तिथंच साचायला हवा. डोक्यावर वारा घातलात तर पारा ॲनोडपाशी जमेल आणि आर्क-बॅक (करंट उलट्या दिशेने वाहणं) होऊन फ्यूज उडेल. आमचे दोन उडाले, मग पंखा खाली आला.