तेरा वर्षांची गाडी: दुरुस्ती की नवे कर्ज?

आपली पेट्रोल गाडी तेरा वर्षांची असून सिग्नलला उभी राहिली की बंद पडते, गॅरेजने इंजिन उघडण्याचा 45,000 रुपयांचा अंदाज दिला आहे, आणि त्यापेक्षा सहा लाखांचे कर्ज काढून नवी गाडी घ्यावी असे मुलाचे म्हणणे आहे, असे आपण मुलुंडहून कळवले आहे. माझ्या मते आज या दोन्हींपैकी काहीच करू नये.

वेगात गाडी सुरळीत चालते, धूर नाही, ऑइलही कमी होत नाही, असे आपणच लिहिले आहे. तेव्हा इंजिन झिजल्याची शंका दुबळी ठरते. पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला हवा थ्रॉटलच्या, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या, अगदी अरुंद फटीतून मिळते. तिथे काजळी साचली, हवेचा एखादा पाइप चिरला किंवा प्लग झिजले, तर इंजिन दम धरत नाही, आणि एसी चालू असेल तर मुळीच नाही. म्हणून आधी गाडीच्या संगणकातील दोषांची नोंद वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा, थ्रॉटल बॉडी साफ करावी, पाइप, प्लग व एअर फिल्टर तपासावेत. हा खर्च इंजिन उघडण्याच्या मानाने फारच किरकोळ असतो. तरीही दोष राहिला, तर कॉम्प्रेशन चाचणीचे, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरमधील दाब मोजून झीज दाखवणाऱ्या तपासणीचे, आकडे हाती आल्याशिवाय 45,000 रुपयांना होकार देऊ नये. मात्र चालढकल नको: चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही लवकरच संपते, सायनच्या गर्दीत हे जिवावर बेतू शकते.

आता कर्जाकडे पाहू. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी सहा लाख घेतल्यास हप्ता सुमारे 12,600 रुपये येतो आणि व्याजापोटीच दीड लाखांहून अधिक जातात. निवृत्तीला चार वर्षे उरली असताना हा हप्ता निवृत्तिवेतनातही शिरेल, याची मला खरी काळजी वाटते.

दोन वर्षांनी नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होतील. तेव्हा फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर यांचा हिशेब करून गाडी ठेवायची की मोडीत काढायची, ते ठरवावे. तोवर दरमहा 8,000 रुपयांची आवर्ती ठेव सुरू केल्यास 1,92,000 रुपये मुद्दलच जमेल, आणि नवी गाडी घ्यावीच लागली तर कर्ज तेवढ्याने कमी काढता येईल.