कोणाला मत द्यायचं हेच ठरलं नसेल तर तुम्ही लोकसभेचा प्रचार कसा फॉलो करता? बोअर होत नाही का?

बोअर? अहो, ज्यांचं ठरलंय ते बिचारे टेन्शनमध्ये आहेत, मजा फक्त आमचीच चाललीय.

आधी पत्ता सांगतो, म्हणजे कळेल. मी राहतो धायरीत. पत्ता पुण्याचा, ट्रॅफिक पुण्याचं, पण खडकवासला विधानसभा बारामती लोकसभेत येते त्यामुळे खासदार बारामतीचा. उद्या ७ मे २०२४, आमचं मतदान. ऑफिस कोथरूडला, तिथलं मतदान १३ तारखेला. म्हणजे घराजवळचे भोंगे रविवारी संध्याकाळी बंद झाले आणि ऑफिसखाली पुण्याचे उमेदवार मोहोळ-धंगेकर-वसंत मोरे अजून जोरात चालू आहेत. मला एका तिकिटात दोन पिक्चर.

आमच्याकडचा पिक्चर तर घरगुती आहे, नणंद विरुद्ध भावजय. शरद पवारांची मुलगी सुप्रियाताई सुळे आणि अजितदादांची बायको सुनेत्रावहिनी. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी पक्ष फुटला, मग घड्याळ हे चिन्ह अजितदादांकडे गेलं, साहेबांना (म्हणजे शरद पवारांना) तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. आता आमच्या बिल्डिंगमधे २०१९ ला ताईंसाठी घड्याळाचं पत्रक घेऊन आलेला कार्यकर्ता परवा परत आला, माणूस तोच, गळ्यातलं उपरणं तेच, घड्याळ पण तेच, पत्रकावरचा फोटो फक्त वहिनींचा. त्याच्याबरोबर आता युतीत असलेले भाजपचे दोघं होते ज्यांनी आख्खं आयुष्य घड्याळाला शिव्या घालण्यात घालवलंय, ते मागे उभे राहून बूट बघत होते. मी विचारलं टँकरचं काय, दर उन्हाळ्यात सोसायटीचे पैसे पाण्यात जातात (म्हणजे पाण्यासाठीच जातात). म्हणाला, "दादांच्या कानावर घालतो." तासाभराने तुतारीवाले आले, त्यांना तेच विचारलं. "ताईंच्या कानावर घालतो." एकाच घरातले दोन कान, पाणी मात्र टँकरनेच.

खरी करमणूक आजीची. तिला फोटोबिटो कळत नाही, घड्याळ म्हणजे शरद पवार हे पंचवीस वर्षं डोक्यात बसलेलं. मी सांगतोय, अगं आजी आता साहेबांचं चिन्ह तुतारी. बरं तुतारी म्हणावं तर एका अपक्षाला नुसती तुतारी दिलीय, ती दिसते पिपाणीसारखी, आणि साहेबांची माणसासकट आहे. ती म्हणते, "मग माणूस बघू की तुतारी?" मी म्हटलं माणूस. तर म्हणे, "माणसं बघूनच तर आजवर फसलो." त्यात उमेदवार ३८, अधिक नोटा, म्हणजे टेबलावर तीन मशीन मांडलेली असणार. बटण दाबल्यावर चिठ्ठी सात सेकंद दिसते, आजीचा चष्मा पर्समधून निघायलाच दहा लागतात.

सभा मी मोबाईलवर बघतो, जेवताना. दादांचं इंदापूरचं "कचाकचा बटण दाबा" आमच्या ऑफिसात आता लिफ्टसाठी वापरतात. मग सून असलेल्या वहिनींवरून साहेबांचं मूळ पवार आणि बाहेरून आलेले पवार, त्यावर आमच्या सोसायटीतल्या सगळ्या सुना दोन दिवस तापलेल्या, पक्ष कुठलाही असो. मग २९ एप्रिलला रेसकोर्सवर मोदींची सभा, साहेबांवर रोख ठेवून "भटकती आत्मा" काढलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर "राजकीय पोस्ट टाकू नये" असं दर आठवड्याला टाकणाऱ्या सेक्रेटरींनीच सगळ्यात आधी तो व्हिडिओ फॉरवर्ड केला.

आणि एक फायदा सांगू का, ठरलं नाही असं म्हटलं की दोन्हीकडचे लोक नीट बोलतात. भाजपवाला सांगतो २०१९ ला खडकवासल्यात आमचाच लीड होता त्यामुळे इथे विषयच नाही, तुतारीवाला सांगतो या वेळी सहानुभूती आहे. दोघंही चहा पाजतात. एकदा ठरलं सांगितलं की एक चहा कायमचा बंद.

बाकी गंमत गंमत म्हणून रात्री दोन्हीकडची पत्रकं खरंच वाचली. दोन्हींवर विकास आहे, दोन्हींवर एकाच पुलाचा फोटो आहे, श्रेय वेगवेगळं. त्यामुळे नक्की ठरवायला मदत शून्य.

उद्या ऊन व्हायच्या आत, सातलाच आजीला घेऊन जाणारे. तिचं ठरलंय पण सांगत नाही, म्हणते गुप्त असतं ते. माझं रांगेत बघू, बायको म्हणते तू हॉटेलात पण वेटर येईपर्यंत मेन्यूच वाचत बसतोस.