ग्रेड 3 म्हणजे स्टेज 3 नव्हे, आणि मामांचा कॅन्सर तो आईचा नव्हे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई 58 वर्षांच्या, राहायला सिंहगड रोडला. डाव्या स्तनात गाठ लागली, सुईने तुकडा काढून तपासला. रिपोर्टात ग्रेड 3, ईआर आणि पीआर (पेशींवरचे हार्मोन पकडणारे रिसेप्टर) निगेटिव्ह, हर-टू (पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन) 2+, आणि खाली 'फिश तपासणी करावी' असा शेरा. डॉक्टर म्हणतात फिशचा रिपोर्ट येऊ द्या, मग आधी केमो आणि ऑपरेशन नंतर. घरच्यांना हे पटत नाही. साताऱ्याच्या मामांच्या गालाचं ऑपरेशन निदान झाल्या झाल्या केलं होतं. आत्याला ऑपरेशननंतर रोज एक गोळी, बाकी काही नाही. मग आईलाच एवढं सगळं का, तेही उलट्या क्रमाने? आणि शेजारच्या काकूंचं म्हणणं, सुई टोचलीत ना, आता पसरणार.

मी डॉक्टर नाही. पत्नीचा स्तनाचा आणि वडिलांचा तोंडाचा कॅन्सर घरात पाहिला. त्यानंतर कोथरूडमधल्या आमच्या छोट्या गटात लोकांच्या फायली वाचतो आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यांना लिहून देतो. त्या अनुभवावर सांगतो, तुमच्या डॉक्टरांचा क्रम मला उलटा वाटत नाही. तुमच्या घरातले तिघं पेशंट तीन वेगळ्या आजारांचे आहेत. आत्या आणि आई यांचा कॅन्सर एकाच अवयवाचा असला तरीही.

पहिलं, ग्रेड. तुम्ही दोनदा 'थर्ड स्टेज' लिहिलंय, पण रिपोर्टात स्टेज कुठेच नाही. ग्रेड म्हणजे पेशी मूळच्या पेशींपेक्षा किती बदलल्या आहेत आणि किती वेगाने वाढताहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून दिलेला आकडा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो 1 ते 3 असतो, 4 नसतोच. स्टेज ठरते ती गाठ केवढी, काखेतल्या गाठींपर्यंत गेली का, हाडं-यकृत-फुप्फुसात काही आहे का यावरून. ग्रेड 3 असलेली बाई स्टेज 1 मध्ये असू शकते. आमच्याकडे येणाऱ्या फायलींमधला सर्वांत जास्त घाबरवणारा आणि सर्वांत सहज मिटणारा घोटाळा हाच. नातेवाइकांना फोनवर सांगण्याआधी तो मिटवा, नाहीतर 'थर्ड स्टेज' हे पुढची दोन वर्षं घरात फिरत राहतं.

आता हर-टू. या तपासणीत 0 आणि 1+ म्हणजे निगेटिव्ह, 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 2+ काठावरचं, म्हणून फिश ही तपासणी करून पेशीतल्या हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजतात. त्याला थोडा वेळ लागतो, पण तो वाया जात नाही, कारण त्या उत्तरावर औषधच बदलतं. पॉझिटिव्ह आलं तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब. हे औषध 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि ज्या प्रकाराची लोक सगळ्यांत जास्त धास्ती घेत त्याचं चित्र त्याने पालटलं. आता भारतीय कंपन्याही ते बनवतात, त्यामुळे पूर्वीसारखं घर विकायची वेळ येत नाही. फिश निगेटिव्ह आलं तर तो 'ट्रिपल निगेटिव्ह', म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह. तिथे हार्मोनची गोळी चालत नाही, ट्रास्टुझुमॅबही नाही, भिस्त मुख्यतः केमोवर, काही जणींना जोडीला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध. ती अजूनही महाग आहे, आणि सगळ्यांना लागतेच असंही नाही.

केमो आधी का? गाठ लहान झाली तर स्तन वाचवता येण्याची शक्यता वाढते, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: औषध लागू पडतंय का हे डोळ्यांसमोर दिसतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात कॅन्सर शिल्लक नाही असं निघालं तर उत्तमच, आणि शिल्लक असेल तर पुढचं औषध बदलता येतं. आधी ऑपरेशन केलं की ही परीक्षाच होत नाही. केमो आधी दिला काय आणि नंतर दिला काय, आयुष्याच्या लांबीत फरक पडत नाही, हे मोठ्या चाचण्यांतून पाहिलं गेलंय. एक मात्र केमोच्या पहिल्या सायकलच्या, म्हणजे फेरीच्या, आधीच विचारा: गाठीत क्लिप टाकणार का? गाठ विरघळून गेली तर सर्जनला जागा सापडायला हवी.

आत्याचा कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह असणार, म्हणजे शरीरातल्या इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा. तो हार्मोन अडवणारी गोळी हाच तिथला मुख्य उपचार, 'नुसती गोळी' नव्हे. टॅमॉक्सिफेन असो वा लेट्रोझोल, निदान पाच वर्षं, कधी त्याहून जास्त. लेट्रोझोलने सांधे धरतात, हाडं विरळ होतात, म्हणून बऱ्याच जणी परस्पर बंद करतात. तुमच्या आत्याने केली नाहीये ना, तेवढं बघा, कारण हा प्रकार दहा-बारा वर्षांनीसुद्धा उलटू शकतो. ट्रिपल निगेटिव्ह उलटायचा तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच, आणि ती पार पडली की धोका चांगलाच उतरतो. 'सौम्य' आणि 'कडक' हे आपले शब्द इथे फसवे ठरतात.

मामांचं गणित अगदी निराळं. गाल, जीभ, हिरडी इथल्या कॅन्सरला ऑपरेशन हाच पहिला उपाय, नुसत्या केमोने तो बरा होत नाही. मानही का उघडली, असं तुम्ही विचारलंय. गालावरचा व्रण लहान दिसला तरी मानेतल्या गाठींत तो लपून गेलेला असू शकतो. टाटा मेमोरियलने 2015 मध्ये याच प्रश्नावरची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. मान तेव्हाच साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. तेव्हापासून हा वाद जवळपास संपला. गंमत अशी की तिथून बोटभर खाली, स्वरयंत्राचा सुरुवातीचा कॅन्सर असेल तर पुष्कळदा सुरी न लावता रेडिएशनने बरा करतात, आवाज राहावा म्हणून.

उशिराची भीतीही आजारागणिक बदलते. अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, असेल तर दोन दिवससुद्धा दवडायचे नसतात. प्रोस्टेटचा एखादा मंद कॅन्सर पीएसए ही रक्ततपासणी बघत वर्षानुवर्षं नुसता नजरेखाली ठेवतात. तुमच्या आईची गाठ महिनोन् महिने वाढत आलेली आहे, नीट तपासण्यांसाठी आणखी दोन आठवडे गेले तर बाजी हातची जात नाही. दोन महिने मात्र घालवू नका, आणि त्या दोन महिन्यांत 'एकदा आयुर्वेदिक बघू' तर अजिबात नको.

सुईचं काय ते काकूंना सांगून टाका. स्तनाची बायॉप्सी केल्याने कॅन्सर पसरत नाही, आणि बायॉप्सीशिवाय ईआर-पीआर-हर-टू कळणार कुठून? अंडकोशाची गाठ हा अपवाद. तिथे सुई घालत नाहीत, जांघेतून संपूर्ण भागच काढतात. बहुतेक अशाच एखाद्या अपवादातून हा समज निघाला असेल, कोण जाणे.

साखरेचा मुद्दा. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात आणि गाठी उजळतात, त्यावरून 'साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो' ही गोष्ट निघाली. शरीर रक्तातलं ग्लुकोज राखतंच, तुम्ही पोळी सोडा नाहीतर भात सोडा. होतं एवढंच की पेशंटचं वजन उतरतं आणि केमो पुढे ढकलावा लागतो. डाळी, अंडी, दूध, चालत असेल तर मासे, पोटभर खाऊ द्या. आईंना मधुमेह असेल तर मात्र शुगर तपासत राहा, कारण केमोबरोबर देतात त्या स्टिरॉइडने ती उसळते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं हेच गडबडीत सांगायचं राहून जातं. केमो चढवल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात ताप 100.4 फॅरनहाइट झाला तर ती इमर्जन्सी, रात्रीचे दोन वाजले असले तरी. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, कॅज्युअल्टीत जाऊन 'केमो चालू आहे, ताप आहे' हे पहिलं वाक्य बोलायचं. रक्त तपासून अँटिबायोटिक शिरेतून लगेच सुरू व्हावं लागतं. घरात चांगला थर्मामीटर ठेवा, रात्रीचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवा. आईंची एखादी सायकल गणपतीत येणार असेल तर कोणते रस्ते बंद असतील ते आधी बघून ठेवा. मध्यवस्तीतलं हॉस्पिटल असेल तर विसर्जनाच्या दिवशी अॅम्ब्युलन्ससुद्धा अडकते. आणि भेटायला येणाऱ्यांना त्या आठवड्यात नम्रपणे नाही म्हणा. वाईटपणा तुम्ही घ्या, आईंना घ्यायला लावू नका.

बाकीचे त्रास त्या मानाने ओळखीचे. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात आणि परत येतात. 'लाल औषधा'नंतर (डॉक्सोरुबिसिनसारखं केमोचं औषध) लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. ते औषध किंवा ट्रास्टुझुमॅब देणार असतील तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, कारण दोन्हींचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. हातापायांना मुंग्या आल्या तर सोसत बसू नये, डॉक्टर डोस बदलतात. आमच्या हिला बोटांना तव्याचा चटका कळत नसे, तेव्हा काही महिने पोळ्या मी केल्या. (नकाशे म्हणा.) उलट्यांची औषधं आता फार चांगली आहेत, फक्त ती उलटी व्हायच्या आधी घ्यायची असतात. नंतर रेडिएशन लागलं तर बाहेरून दिलेल्या शेकामुळे माणूस किरणोत्सारी होत नाही, नातवंडांना मांडीवर खुशाल घेऊ द्या. वेगळ्या खोलीत राहावं लागतं ते थायरॉइडच्या कॅन्सरवर आयोडीन देतात तेव्हा.

'आईने आयुष्यात मिश्रीसुद्धा लावली नाही, मग तिलाच का?' या प्रश्नाला मामांच्या बाबतीत उत्तर आहे: तंबाखू, चुना, सुपारी. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते, तंबाखू नसला तरी. स्तनाच्या बाबतीत वय, पाळीची एकूण वर्षं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, अशी कारणं थोडाथोडा भार टाकतात, पण एका बाईपुरतं बोट ठेवता येत नाही. आनुवंशिक असतो तो शंभरात पाच ते दहा जणींत. फिश निगेटिव्ह येऊन आईंचा ट्रिपल निगेटिव्ह ठरला तर या वयात बीआरसीए तपासणीबद्दल (आनुवंशिक जनुकदोष शोधणारी) जरूर विचारा. तो दोष वडिलांकडूनही येतो हे लोक विसरतात.

तुम्ही मुलीच्या लशीचं विचारलंत, तर ती लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची, स्तनाच्या कॅन्सरची नव्हे. तो कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, आणि आपल्या पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023 पासून मिळते. 9 ते 14 वयात दोन डोस. तुमच्या स्वतःसाठी तपासणी आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक बायकांवरच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. 2009 मध्ये ते जगभर गाजलं, आणि आपल्याकडे अजून कोणी करून घेत नाही.

खर्च आणि दुसरं मत. उपचार सुरू व्हायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा. मंजुरी आधी लागते, बिल झाल्यावर काही होत नाही. परळला टाटाला मत घ्यायचं ठरलं तर नुसते रिपोर्टचे फोटो नेऊ नका. लॅबमधून तपासलेल्या तुकड्याच्या स्लाइड्स आणि तो तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. तिथे ते पुन्हा तपासतात. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबत्याला उपचारांसाठी रेल्वेत सवलत असते, त्याचं प्रमाणपत्र हॉस्पिटलच देतं.

शेवटी मामांबद्दल. आजार उलटलाय, तोंड उघडत नाही, रात्रभर दुखतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं) केंद्र 1997 पासून आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत. लोकांना वाटतं तिथे शेवटचे दिवस काढायला नेतात. तसं नाही, दुखणं आटोक्यात आणून, जखमेची निगा घरच्यांना शिकवून माणसाला परत घरीही पाठवतात. मॉर्फिनच्या गोळीला घाबरू नका, कॅन्सरच्या वेदनेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर व्यसन लागण्याची भीती नगण्य असते. बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबतच मागून घ्या. साताऱ्याहून आणणं जड असेल तर आधी कागदपत्रं घेऊन घरातल्या कोणी जाऊन या.

फिशचा रिपोर्ट आला की नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून इथे टाका, त्याप्रमाणे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देतो.