करटोलीच्या वेलाला फळ का धरत नाही? परसबागेतील लागवड व निगा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

पावसाळा सुरू झाला की करटोलीविषयीचे प्रश्न आमच्याकडे येऊ लागतात. कोणी तिला कर्टुली म्हणतात, विदर्भातील शेतकरी काटवल म्हणतात, तर तळकोकणात ती फागला म्हणून ओळखली जाते. या वर्षी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक चार गोष्टींविषयी आहेत. वेल भरपूर वाढला, फुलेही आली, पण फळ धरत नाही. बी पेरले तर उगवत नाही. हिवाळ्यात वेल वाळून गेला, तो मेला असे समजायचे काय. आणि शहरातील काही वाचकांचा प्रश्न असा की गच्चीवर कुंडीत हे पीक घेता येते काय. फळधारणेचा प्रश्न सर्वांत जास्त जणांनी विचारला आहे आणि लागवडीचे बाकीचे निर्णय त्यावरच अवलंबून असल्याने प्रथम त्याचे उत्तर देत आहे.

कारले, दोडका, काकडी या वेलींवर नर आणि मादी फुले एकाच वेलावर येतात. करटोली त्याच कुळातील असली तरी तिचे तसे नाही. तिचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. त्यामुळे परसात एकच वेल असेल, किंवा चार-पाच वेल असूनही ते सर्व एकाच लिंगाचे असतील, तर फुलांनी मांडव भरला तरी फळ मिळणार नाही. शेजारी कारल्याचा वेल असला तरी त्याच्या परागाचा करटोलीला उपयोग होत नाही. पुष्कळ ठिकाणी न फळणाऱ्या नर वेलाला वांझ समजून उपटून टाकतात आणि पुढच्या वर्षी चांगल्या मादी वेलीही फळत नाहीत, म्हणून खत कमी पडले असे वाटून युरिया घातला जातो. युरियाने पाने वाढतात, फळे वाढत नाहीत.

वेल नर की मादी हे कळी आल्यावर निश्चित ओळखता येते, त्याआधी नाही. देठासह कळी हातात घेऊन नीट पाहावी. मादी कळीच्या अगदी खाली, देठ आणि पाकळ्या यांच्या मध्ये, मऊ काट्यांचे इवलेसे हिरवे फळ दिसते. नर कळीखाली असे फळ नसते; तिच्या लांब, सडपातळ देठाच्या वरच्या टोकाला, कळीला कवेत घेणारे एक लहान गोलसर पान असते. मादी फुलाच्या देठावरील पान अगदी लहान असून ते देठाच्या बुडाकडे असते. ही ओळख पटली की त्याच दिवशी वेलाच्या बुंध्याजवळ खुंटी ठोकून तिला रंग द्यावा, मादीसाठी एक आणि नरासाठी दुसरा. हे काम पुढे ढकलू नये, कारण वेल वाळल्यानंतर जमिनीतील कंदावरून नर-मादी ओळखता येत नाही.

आठ ते दहा मादी वेलींमागे एक नर वेल पुरेसा होतो, मात्र तो बागेच्या एका कोपऱ्यात न लावता मादी वेलींच्या मध्ये असावा. एक गुंठा क्षेत्रात दोन मीटर बाय दोन मीटर अंतराने सुमारे २५ वेल बसतात. त्यांपैकी तीन नर ठेवावेत. घरच्या भाजीपुरती लागवड करायची असेल तर सहा-सात मादी वेलींमध्ये एक नर एवढे पुरते. नर वेलाला जागा देणे म्हणजे जागा वाया घालवणे नव्हे, हे कृपया घरातील सर्वांना सांगावे, कारण तण काढताना तो वेल बहुधा अजाणता उपटला जातो.

नर-मादी दोन्ही वेल असूनही फळे पिवळी पडून गळत असतील तर परागीभवन अपुरे होत आहे असे समजावे. करटोलीची फिकट पिवळी फुले दिवस मावळताना उमलतात आणि परागीभवनाचे काम मुख्यतः रात्री उडणारे पतंग करतात. वस्तीत, दिव्यांच्या झगमगाटात किंवा सतत पावसाच्या दिवसांत हे पतंग फिरकत नाहीत. अशा वेळी हाताने परागीभवन करावे. नुकतेच उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधले परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागावर, हलकेच टेकवावेत. एका नर फुलाने तीन-चार मादी फुले सहज होतात. घरच्या बागेत हे काम काही मिनिटांचे आहे आणि त्याचा परिणाम आठवडाभरात फळ फुगू लागले की दिसतो.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. मधमाश्या वाचाव्यात म्हणून इतर पिकांवर फवारणी सायंकाळी करण्यास आम्ही सांगतो. करटोलीच्या बाबतीत फुलोऱ्यात सायंकाळची फवारणी टाळून ती सकाळी, पाऊस नसताना करावी, अन्यथा नुकतीच उमललेली फुले भिजतात आणि पतंगांनाही अपाय होतो. सह्याद्रीच्या डोंगररांगांत करटोलीची एक जवळची जात आढळते. तिची फुले मोठी व गडद पिवळी असून पहाटे उमलतात, आणि २००७ साली ती स्वतंत्र जात म्हणून नोंदवली गेली. म्हणून आपल्या वेलाची फुले केव्हा उमलतात हे एक-दोन दिवस स्वतः पाहून मगच परागीभवनाची व फवारणीची वेळ ठरवावी.

आता रोपांविषयी. बियांपासून लागवड करता येते, परंतु साधारण निम्मी रोपे नर निघतात आणि हे फुले येईपर्यंत कळत नाही. शिवाय करटोलीचे बी कठीण कवचाचे असून काढल्यावर काही महिने सुप्त राहते, त्यामुळे ताजे बी पेरून ते उगवले नाही तर नवल नाही. पूर्ण पिकून केशरी झालेले फळ निवडावे, बियांवरचा लाल गर धुऊन काढावा, बी सावलीत वाळवावे आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर वापरावे. पेरण्यापूर्वी बियांचे कवच खरखरीत कागदावर हलके घासून ते २४ तास पाण्यात भिजवावे. एवढे करूनही उगवण एकसारखी होत नाही, काही बी फार उशिरा उगवते. तेव्हा पिशव्या लगेच रिकाम्या करू नयेत. बियांपासूनच लागवड करायची असल्यास एका आळ्यात तीन-चार रोपे वाढू द्यावीत आणि कळ्या आल्यावर जादा नर काढून टाकावेत. रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘इंदिरा कंकोडा-१’ हे वाण प्रसारित केले आहे. विकतचे बी घ्यायचे असेल तर नामांकित वाणाचे आणि पावतीसह घ्यावे.

माझे मत विचाराल तर परसबागेसाठी लिंग माहीत असलेला कंदच घ्यावा. ज्यांच्याकडे खूण केलेले वेल आहेत अशा शेतकऱ्यांकडून सुप्तावस्थेत, म्हणजे फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत, कंद मिळवावेत. मोठ्या कंदाचे तुकडे करता येतात, परंतु प्रत्येक तुकड्याला वरच्या टोकाचा, डोळे असलेला भाग आलाच पाहिजे. कापलेल्या बाजूला राख किंवा ट्रायकोडर्मा ही कूज रोखणारी मित्रबुरशी लावून एक दिवस सावलीत सुकू द्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये मादी वेलाचे दोन-तीन पेरांचे छाट ओलसर वाळूत, सावलीत लावले तर तेही मुळे धरतात. पण हिवाळ्यापूर्वी त्यांना कंद बांधायला वेळ मिळाला पाहिजे, म्हणून उशीर करू नये.

कंद मिळत नाहीत म्हणून जंगलातून खोदून आणण्याचा मार्ग काही जण धरतात. तो कृपया धरू नये. वन आणि वन्यजीव कायद्यांखालील बंधने तर आहेतच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पावसाळ्यात करटोली गोळा करून आठवडी बाजारात विकणाऱ्या आदिवासी भगिनींचे उत्पन्न याच कंदांवर उभे असते. फळ तोडले तर वेल पुढच्या वर्षी पुन्हा येतो, कंद काढला तर त्या जागची करटोली संपते. रानातील पिकलेल्या दोन-तीन फळांचे बी आपल्या बागेला पुरेसे आहे.

लागवडीसाठी पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी. डोंगरउतारावर वाढणारी ही वनस्पती साचलेले पाणी सहन करत नाही, कंद कुजतो. भारी काळ्या जमिनीत गादीवाफ्यावर किंवा उंचवट्यावरच लावावी. सुमारे दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. पेंडीमुळे सूत्रकृमींनाही, म्हणजे मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींनाही, काहीसा आळा बसतो. कंदाचे डोळे वर ठेवून तो दोन ते तीन इंच मातीखाली राहील असा लावावा. वेलाला पाच-सहा फूट उंचीचा मांडव किंवा तारेचा आधार कोंब येताच द्यावा, कारण जमिनीवर लोळलेल्या वेलाची फळे कुजतात.

कीड-रोगांत फळमाशी ही मुख्य अडचण आहे. तिच्यासाठी क्यू-ल्युर या गंधाच्या आमिषाचा सापळा फुलोऱ्यापूर्वी लावावा; तो फक्त नर माश्या पकडतो, म्हणून डंख झालेली, वाकडी वा पिवळी पडलेली फळे रोज वेचून खोल पुरणे तितकेच आवश्यक आहे. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी सकाळी हाताने वेचणी आणि पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, दिसली तरी गंधकाची भुकटी धुरळू नये, वेलवर्गीय पिकांची पाने तिने करपतात. दाट फांद्या विरळ करून हवा खेळती ठेवावी. फळधारणेपासून १२ ते १५ दिवसांत, बी मऊ असतानाच, दर दोन-तीन दिवसांनी तोडणी करावी.

ऑक्टोबरनंतर पाने पिवळी पडतात आणि डिसेंबरपर्यंत वेल वाळतो. हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे, रोग नव्हे. वाळलेला वेल बुंध्यापासून वीतभर वर कापावा, पाणी बंद करावे, जागेवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि तेथे नांगर-कुदळ लागू देऊ नये. साळिंदर व रानडुक्कर कंद उकरतात. जंगलालगतच्या गावांत बाभळीच्या काट्यांनी आळे झाकणे फार उपयोगी पडते. वळवाच्या सरी पडल्या की कोंब आपोआप वर येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून कंद मोठा होऊन उत्पादनही वाढते.

गच्चीवर लागवड करणाऱ्यांनी किमान दीड फूट खोल, तळाला भोके असलेला टब वापरावा आणि माती, वाळू व शेणखत समप्रमाणात घ्यावे. प्रत्येक टबात एकच वेल लावावा. दोन मादी व एक नर असे तीन टब असले तरी काम भागते, मात्र शहरात पतंगांचा भरवसा नसल्याने सायंकाळी हाताने परागीभवन करणे येथे अनिवार्य आहे. वेल वाळल्यावर टब रिकामा दिसतो म्हणून सवयीने रोज पाणी घातले जाते आणि कंद कुजतो. त्या काळात टब सावलीत कोरडा ठेवावा, त्यावर नर-मादीची चिठ्ठी लावावी आणि मे महिन्याच्या अखेरीस पहिले पाणी द्यावे.