गॅस फर्नेसची वायर ओढण्याआधी

अमेरिकेतल्या घरात फर्नेसला, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीला, ब्रेकर पॅनेलपासून स्वतंत्र सर्किट लागतं. एनईसीचं, म्हणजे तिथल्या वायरिंगच्या नियमावलीचं, कलम 422.12 तेच सांगतं. फर्नेससोबतचा ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) त्या सर्किटवर जोडलेला चालतो, तळघरातला फ्रीज नाही. 15 अँपच्या ब्रेकरला 14 गेज तांब्याची वायर, 20 ला 12. आधी फर्नेसची नेमप्लेट वाचा: ब्रेकर कमाल 15 अँप लिहिलं असेल तर 20 चा ब्रेकर नको. परमिटही आधीच काढा.

फर्नेसजवळ, डोळ्यांसमोर बंद करायचा स्विच हवा, तोही काळ्या वायरवर (तिथे काळी म्हणजे फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल). सर्व्हिसिंगसाठी त्याच मजल्यावर 25 फुटांच्या आत प्लग पॉइंट लागतो. तो या स्विचच्या पुढून घेऊ नका, नाहीतर स्विच बंद करताच मेकॅनिकचा दिवाही जाईल!

हमखास घोळ होतो तो अर्थिंगमध्ये. उघडी किंवा हिरवी वायर कॅबिनेटच्या हिरव्या स्क्रूखाली घट्ट आवळा. ज्योत ओळखणारा सेन्सर जेमतेम काही मायक्रोअँपवर चालतो आणि तो प्रवाह ज्योतीतून बॉडीमार्गे परततो. अर्थ सैल असला किंवा काळी-पांढरी उलटी लागली, की बर्नर पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. मग लोक उगाच सेन्सर बदलत बसतात.