कुसळ आणि मुसळी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचून हसू आलं. ‘काका, रविवारी वेताळ टेकडीवर जाऊन आले. काहीच नाही हो तिथे, सगळं वाळलेलं. ती गुलाबी फुलांची झाडं तेवढी सुंदर. आणि मोज्यात घुसलेली कुसळं काढता काढता रात्र झाली.’ टेकडीची अख्खी गोष्ट तू सांगून मोकळी झालीस, फक्त उलटी करून. अंगठ्याने टायपायचा मला कंटाळा, म्हणून हे पत्र.

आधी ती गुलाबी झाडं. तो ग्लिरिसिडिया. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तुमच्या लातूरकडे कुणाच्या तरी बांधावर पाहिलाच असशील, गिरिपुष्प म्हणतात. त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून वावरात जातो, तिथे तो कामाचा गडी आहे. इथे पुण्यात मात्र टेकड्या झटपट हिरव्या करायच्या म्हणून त्याची रांगच्या रांग लावली. फांदी खोचली तरी फुटतो, उन्हाळा सोसतो, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आणखी काय हवं? पण उन्हात वाढणारं गवत त्याच्या दाटीत टिकत नाही. पुढच्या खेपेला त्याच्याखाली उकिडवी बस आणि वीतभर जागेत किती प्रकारची पानं, काड्या दिसतात ते मोज. मग पन्नास पावलं मोकळ्यावर जाऊन पुन्हा मोज. आकडे मला सांग.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं समजू नकोस. तिशीत असताना आम्ही पाच-सहा जण जून आला की कुदळी घेऊन झाडं लावायला निघायचो. एका वर्षी एक उघडं पठार गाठलं. वरती पाऊलभर माती, खाली काळा कातळ. पहिला पाऊस होऊन गेलेला. खड्डा घेताना पांढऱ्या, जाडसर मुळांचे झुबके वर यायचे. तण समजून मी ते बाजूला फेकत गेलो, दिवसभरात चांगला ढीग झाला. आठवड्याने रोपं बघायला गेलो, तर ढिगातल्या एका झुबक्याला दांडा फुटलेला आणि त्यावर पांढरं, सहा पाकळ्यांचं फूल. ती मुसळी होती. वर्षातले कित्येक महिने जमिनीत दडून पहिल्या पावसाची वाट बघणारी. आम्ही लावलेली रोपं पुढच्या मे महिन्यापर्यंत जवळजवळ सगळी गेली. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. मला तर हातात आलेली मुसळीसुद्धा दिसली नव्हती.

तेव्हापासून ‘ओसाड’ हा शब्द मी जपून वापरतो. महसुलाच्या भाषेत ज्यातून सारा येत नाही ती जमीन पडीक, आणि ती सवय आपल्या डोळ्यांनाही लागली आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथे चिंकारा बघायला जाणारे बरेच जण आत शिरताच विचारतात, ‘जंगल कुठे आहे?’ अरे, हेच! चिंकाऱ्याला मोकळं रान लागतं, लांबवर नजर जायला लागते, पळायला लागतं. तिथे वडाची रांग लावलीस तर तुझा फोटो छान येईल, चिंकारा मात्र निघून जाईल. झाडं लावायला माझा विरोध नाही. सोसायटीत लाव, रस्त्याकडेला लाव. गवताच्या छाताडावर नको.

आता तुझी कुसळं. फेकली नसशील तर एक घे आणि उजेडात धर. एका टोकाला टोकदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, म्हणजे आत घुसलं की बाहेर येणं नाही (हे तुझ्या मोज्याने शिकवलंच आहे). मागे लांब तपकिरी शेपटी, मधे गुडघ्यासारखी वाकलेली, आणि बियाकडचा भाग दोरीसारखा पिळलेला. आता त्यावर थेंबभर पाणी टाक आणि गप्प बघत बस. थोड्या वेळात पीळ सुटायला लागतो आणि शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. ओलं-सुकं, ओलं-सुकं करत ते बी स्वतःला गिरमिटासारखं मातीत खुपसून घेतं. ना माळी, ना कुदळ. मेंढीच्या लोकरीला चिकटून चार कोस जायचं त्याच्या मनात असणार, तू भेटलीस.

तू विचारलंस, कॅमेरा कुठला घेऊ आणि कासला कधी जाऊ. कॅमेरा सध्या नको. साधी ८ बाय ४० ची दुर्बीण घे, जुनी मिळाली तरी चालेल, आणि एक दुरेघी वही. कास सप्टेंबरात बहरतं, जरूर जा, पण ती जत्रा आहे. वर्षातून एकदा जत्रेला जाऊन कुणी गाव ओळखत नाही. तुझ्या कोथरूडच्या खोलीवरून टेकडी पायी गाठता येते. वर्षभर तीच धर, तीच वाट, आठवड्यातून एकदा. पावसाआधी पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणून डोकं उठवेल. जूनच्या सुरुवातीला झाडीतून दोन सुरांची शीळ ऐकू आली की थांब, तो नवरंग. जमिनीवर पाचोळा उलटत फिरतो, त्यामुळे सगळे वर बघतात आणि तो खालून निघून जातो. त्याच सुमारास आफ्रिकेतून समुद्र ओलांडून चातक येतो. कवितेत तो पावसाच्या थेंबासाठी झुरतो, प्रत्यक्षात सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकून मोकळा होतो. सातभाई बिचारे कलकलाट करत त्याचं पोर वाढवतात. आणि आत्ता, या होळीच्या दिवसांत, खाणीच्या बाजूला एखाद्या दगडावर काळसर पाठीचा, तांबूस पोटाचा छोटा पक्षी सारखी शेपटी थरथरवताना दिसेल. थिरथिरा. हिवाळ्याचा पाहुणा आहे, उन्हं तापली की उत्तरेला निघेल. म्हणजे ‘काहीच नव्हतं’ त्या दिवशीही तो बहुधा तिथेच होता.

दगड उचलून खाली बघायचा मोह आवर, फुरसं असतं. इअरफोन घरी ठेव.

फोनवरची अ‍ॅप फोटोवरून नाव सांगतात, आवाजावरून पक्षी सांगतात. वापर, मीही वापरतो. पण आधी वहीत तुझ्या शब्दांत लिही: पान कसं, वास कसा, कुठे बसला होता, काय करत होता. नाव लगेच हातात पडलं की बघणं थांबतं, हा माझा स्वतःवरचाच अनुभव.

आणि नावांचं म्हणशील तर तुझ्याकडे माझ्याहून मोठा साठा आहे. तू माळाची पोर. तुमचा तरोटा तो आमचा टाकळा. तरवड, कुर्डू, हरळी, घोळ ही नावं तुझ्या आजीला तोंडपाठ असतील. गावची नावं म्हणून लाजू नकोस. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली, एक सरडा असतो. उन्हाळ्यात नर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडझाप करतो, मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांसाठी नवा वंश (इंग्रजीत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडला आणि जगभरच्या शास्त्रासाठी त्याचं नाव ठेवलं ‘सरडा’. आपलाच शब्द, लॅटिन थाटात लिहिलेला.

या रविवारी मी सव्वासहाला पायथ्याशी असेन. आलीस तर ग्लिरिसिडिया टाळून पलीकडच्या अंगाने चढू, तिकडे मेडशिंगीच्या शेंगा अजून लोंबत असतील, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या. मोजे तेच घाल. आणि आजीला फोन करून विचारून ये, तुमच्याकडे मुसळीला काय म्हणतात ते.

तुझा,
काका