मायोटॉनसारख्या हातात धरायच्या यंत्राने स्नायूंचा ताण आणि ट्रिगर पॉइंट मोजता येतात का?

ताण मोजता येतो. ट्रिगर पॉइंट मात्र नाही, निदान एकट्या यंत्राने तरी नाही. मायोटॉनप्रो त्वचेवर टेकवलं की 15 मिलिसेकंदांचा हलका ठोका देतं आणि त्यानंतर स्नायू कसा थरथरतो ते टिपतं. त्या थरथरीची हर्ट्झमधली वारंवारिता म्हणजे विश्रांतीतला ताण; शिवाय न्यूटन प्रति मीटरमध्ये ताठरपणाही कळतो. ट्रिगर पॉइंट ही स्नायूच्या ताठ पट्ट्यातली, दाबली की दुखणारी गाठ, आणि बऱ्याचदा तिची कळ भलतीकडेच उमटते. ती यंत्राला कशी कळणार? बोटांनी चाचपून आणि रुग्णाला विचारूनच ती ठरवावी लागते. दुखरेपणा आकड्यात हवाच असेल तर अल्गोमीटर वापरतात: साधारण 1 चौरस सेंटिमीटरचं रबरी टोक सावकाश दाबत न्यायचं आणि ‘आता दुखलं’ म्हणताच आकडा वाचायचा. (म्हणजे इथेही शेवटी माणसाच्या शब्दावरच भिस्त.) मायोटॉनची मर्यादा लक्षात ठेवा: ते वरवरच्या स्नायूंपुरतंच, खोलवरच्या किंवा जाड चरबीखालच्या स्नायूंवर त्याचं फारसं चालत नाही. आधीच्या मोजमापाशी तुलना करताना जागा आणि शरीराची स्थिती तीच हवी.